ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचा पुढे कॅन्सर होतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हाच त्रास असलेल्या इतर बायकांनाही उत्तर नीट कळेल. तुम्ही ३६ वर्षांच्या, देवगड तालुक्यात राहता, धाकटा मुलगा ४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात दुखरी गाठ आली. गळू समजून चिरा दिला. जखम भरली आणि दोन महिन्यांनी शेजारीच दुसरं तोंड फुटलं. मग जाड सुईनं तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस' आलं, म्हणजे स्तनाची एक प्रकारची जुनाट सूज. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं म्हणून तुम्ही त्या मधेच सोडल्या आणि यंदाच्या पावसाळ्यापासून पुन्हा एक तोंड पाझरतंय. मोठ्या जाऊबाई म्हणतात, इतकी वर्षं चिघळतंय त्याचा उद्या कॅन्सर होणार, त्यापेक्षा थान काढून मोकळी हो. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्हाला जो आजार आहे असं रिपोर्ट म्हणतो, त्याचा कॅन्सर होतो असा पुरावा आज वैद्यकशास्त्राकडे नाही. त्या भीतीनं स्तन काढायचं तर बिलकुल कारण नाही. हे आधी जाऊबाईंना वाचून दाखवा. पण त्यांची काळजी पूर्ण बिनबुडाची आहे असंही मी म्हणणार नाही. या आजारात आणि कॅन्सरमध्ये एक नातं आहे, ते दिसण्याचं. बाहेरून, हाताला, कधी कधी सोनोग्राफीतसुद्धा दोन्ही इतके सारखे दिसतात की एकाला दुसरं समजण्याची चूक सहज होते. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर जे नुकसान झालं ते बहुतेक या चुकीपायी झालं.

माझी सगळी प्रॅक्टिस सिंधुदुर्गातली, २७ वर्षांची. त्यातली तिसऱ्या वर्षातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे माझी तपासायची पद्धत बदलली. श्रावणात एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, बाजारात मासे विकायच्या. उजवा स्तन लाल, जड, हाताला गरम. ताप नव्हता. गाठ म्हणावी असं काही लागत नव्हतं. मी कागदावर लिहिलं, मॅस्टायटिस, सात दिवस अँटिबायोटिक. आठवड्यानं त्या आल्या तेव्हा लाली मला किंचित कमी वाटली, किंवा ती कमी असावी असं मला वाटत होतं. मी औषध बदलून दिलं. जाताना त्या म्हणाल्या, "आता गणपती झाले काय येतंय." मीही बरं म्हटलं.

त्या आल्या तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पदर बाजूला केला आणि मला बसायला खुर्ची लागली. पुस्तकात अशा कातडीला संत्र्याच्या सालीची उपमा देतात. आपल्याकडच्या माणसाला मी पपनस आठवायला सांगते, गणपतीच्या माटवीला टांगतात ते. जाड, फुगलेली साल आणि तिच्यावर प्रत्येक छिद्राचा खळगा वेगळा उठून दिसणारा. स्तनाग्र आत ओढलेलं होतं, काखेत गाठी होत्या. कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला आणि उत्तर आलं, इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. पुढे मुंबईला सगळे उपचार झाले, त्या अडीच वर्षं जगल्या. ताप नाही, अंगावर पिणारं मूल नाही, वय पन्नाशीचं: या तिन्ही गोष्टी पहिल्याच भेटीच्या कागदावर माझ्याच अक्षरात होत्या. त्या तीन गोष्टी एकत्र वाचायला मी चुकले.

या कॅन्सरच्या नावातच घोटाळा आहे. 'इन्फ्लमेटरी' म्हणजे दाहाचा, सुजेचा. ते ऐकून लोकांना वाटतं की सूज बरी झाली नाही म्हणून तिचा कॅन्सर झाला. तसं घडत नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या अगदी बारीक लसीकावाहिन्यांत शिरून त्या बुजवतात, पाणी पुढे सरकत नाही, ते कातडीत साठतं आणि स्तन लाल, सुजलेला दिसतो. पाटात पालापाचोळा अडकला की पाणी मागे तुंबून वाफ्यात पसरतं, तसं. तिथे जंतू नसतात, पू नसतो. म्हणून अँटिबायोटिकनं काही फरक पडत नाही आणि वेळ मात्र जातो. हा प्रकार विरळ आहे. पाश्चात्त्य नोंदींमध्ये स्तनाच्या १०० कॅन्सरमागे साधारण १ ते ५. पण तो आठवड्या-महिन्यांत वाढतो. व्याख्येनुसारच लाली स्तनाच्या निदान एक तृतीयांश भागावर असते आणि सुरुवात होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला नसतो. तुमचा आजार दोन वर्षं एका जागी कमी-जास्त होतोय, तोंडं पडतात, पू येतो, भरतात. ही चाल वेगळी आहे.

आता जाऊबाईंच्या मूळ मुद्द्याकडे येते. 'सतत चिघळणाऱ्या जागी कॅन्सर होतो' हा विचार काही त्यांच्या मनातून आलेला नाही. १८६३ मध्ये रुडॉल्फ विरशॉ या जर्मन रोगनिदानतज्ज्ञानं हेच मांडलं होतं. गाठीत त्याला पांढऱ्या पेशी दिसल्या आणि त्यावरून त्यानं जुनाट दाह आणि कॅन्सर यांचा संबंध जोडला. काही अवयवांत तो पुढे खरा ठरला. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं दाह करत राहिला तर जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी आणि सी यांनी यकृताचा वाढतो. मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये वाढतो. कारणही समजण्यासारखं आहे. सुजेच्या जागी पेशी सतत मरतात आणि नव्या बनतात. तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी जी तिखट रसायनं सोडतात, त्यांनी जनुकांना इजा होते. इजा झालेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागल्या की चूक टिकून राहण्याची शक्यता वाढते.

मग स्तनात असं का मानत नाही? मॅस्टायटिसची नोंद झालेल्या बायकांत पुढे कॅन्सर किती झाला, हे पाहणारे अभ्यास झाले आहेत आणि काहींत प्रमाण थोडं जास्तही दिसतं. असा आकडा वाचला की मी आधी हे बघते की तो कॅन्सर मॅस्टायटिसनंतर किती दिवसांनी सापडला. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी सापडला असेल, तर बहुधा तो आधीपासून तिथेच होता आणि पहिलं नाव चुकलं होतं. माझ्या मासे विकणाऱ्या बाई अशा एखाद्या नोंदवहीत 'मॅस्टायटिस, नंतर कॅन्सर' म्हणूनच गेल्या असत्या. शिवाय ज्या बाईची वर्षभर दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी होते, तिच्यात लहानशी गाठही लवकर सापडते. ही दोन कारणं बाजूला काढल्यावर जे उरतं त्यावरून ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस ही कॅन्सरची पूर्वावस्था आहे असं कोणीही म्हणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. स्तनाला सूज येण्याची सगळ्यात नेहमीची वेळ म्हणजे मूल अंगावर पीत असतानाची. दूध साठतं, भेगा पडतात, जंतू शिरतात. नुसत्या सुजेनं कॅन्सर होत असता, तर जास्त पाजणाऱ्या बायकांत तो जास्त दिसायला हवा होता. दिसतं ते उलट. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना आढळला. एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण पाजताना गळू झालं होतं म्हणून आयुष्यभर धास्तावलेल्या बायका मी रोज बघते, त्यांच्यासाठी हा आकडा सांगण्यासारखा आहे.

दाह आणि स्तनाचा कॅन्सर यांचा खराखुरा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडतो, आणि तिथे ना दुखतं ना लाल होतं. वजन जास्त असलेल्या बाईच्या स्तनातल्या चरबीच्या पेशी फुगून मरतात. मेलेल्या पेशीभोवती पांढऱ्या पेशी कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखर मुकुटासारखं दिसतं. या मूक दाहामुळे चरबीत ॲरोमॅटेज नावाचं विकर वाढतं आणि ते तिथल्या तिथे इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक बनवतं. पाळी गेल्यावर बीजकोश थांबलेले असतात, तेव्हा हे चरबीतलं इस्ट्रोजेनच कॅन्सरला खत घालतं. पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणानं धोका वाढतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणजे 'दाहामुळे कॅन्सर' ही काळजी करायचीच असेल, तर पाझरणाऱ्या जखमेपेक्षा पन्नाशीनंतरच्या वजनाची जास्त करावी.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. शरीरावर कुठेही दशकानुदशकं उघडी राहिलेली जखम किंवा नासूर असेल, तर तिथल्या कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. जुन्या भाजलेल्या व्रणांवर तो दिसतो. स्तनात हे अत्यंत विरळ. दोन वर्षांच्या तोंडाला ही भीती लावू नका, पण 'वाहतंय तर वाहू दे' म्हणून पंधरा-वीस वर्षं सोडूनही देऊ नका.

आता तुमच्या आजाराविषयी. १९७२ मध्ये केसलर आणि वोलोच यांनी तो पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून लिहिला, आणि तेव्हाच तो कॅन्सरसारखा दिसतो हे नोंदवलं. बहुतेक बायका तिशी-पस्तिशीच्या, शेवटच्या बाळंतपणाला पाच-सहा वर्षांच्या आतल्या. तुम्ही त्यात बरोबर बसता. दूध बनवणाऱ्या ग्रंथींभोवती शरीराच्याच पेशी गोळा होऊन गाठोडी बांधतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. नेमकं कशानं सुरू होतं याचं एकच उत्तर नाही. काहींत कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेटाय नावाचा, चरबीत रमणारा जंतू सापडतो. तो प्रयोगशाळेत हळू वाढतो, दोन दिवसांत 'काही वाढलं नाही' म्हणून प्लेट टाकून दिली तर कधीच सापडणार नाही. काहींत प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढलेलं असतं. म्हणून एक प्रश्न: तुम्ही पित्तासाठी, उलटीसाठी कायम काही गोळ्या घेता का? डॉम्पेरिडोन आणि लेवोसल्पिराइड ही औषधं आपल्याकडे ॲसिडिटीच्या गोळीत मिसळून सर्रास मिळतात आणि दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वाढतं, पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. रक्तातलं प्रोलॅक्टिन एकदा तपासून घ्या आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा.

काही जणींना याच काळात नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, गुडघे-घोटे धरतात. चिकनगुनिया समजून त्यावर वेगळी औषधं चालू राहतात. तो या आजाराचाच भाग असू शकतो. तसं झालं असेल तर लिहा.

हा आजार चिवट आहे, पण बहुतेकींत आपणहून विझतो. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. म्हणून लहान गाठ असेल तर आम्ही कधी कधी नुसतं लक्ष ठेवतो. मोठी, दुखरी, पाझरणारी असेल तर स्टिरॉइड देतो, गरज पडली तर मेथोट्रेक्सेट, हे प्रतिकारशक्ती आवरून दाह कमी करणारं औषध. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत, गर्भाला ते घातक आहे. हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगावं लागतं. आणि स्टिरॉइड मधेच तोडायचं नसतं, ताई. चेहरा सुजला, वजन वाढलं, शेजारणीनं काही सांगितलं, कारण काही असो. ते हळूहळू उतरवायचं असतं. तुमचं पुन्हा उसळलं त्याला हे कारण असू शकतं. यात तुमचा दोष मी मानत नाही. गोळी का आणि किती दिवस, हे तुम्हाला कोणी शांतपणे सांगितलं नसेल.

मोठी शस्त्रक्रिया मी टाळते. एक भाग काढला की शेजारून उठतं, मग आणखी काढा, आणि शेवटी स्तनाचा आकार जातो. आजार नाही जात. पू साठला तर सोनोग्राफीत बघून सुईनं ओढून काढायचा, चिरे वाढवायचे नाहीत.

माझ्या दृष्टीनं या सगळ्याच्या आधीचा आणि सगळ्यात मोठा मुद्दा क्षयाचा आहे. स्तनाचा टीबी होतो हे आपल्याकडे शिकलेल्या माणसालाही ठाऊक नसतं. ॲस्टली कूपरनं १८२९ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. टीबीतही ग्रॅन्युलोमाच दिसतो, नासूर पडतात, काखेत गाठी येतात. काचेखाली मधोमध चीजसारखा चुरा झालेला दिसला तर टीबीकडे बोट जातं, पण तो प्रत्येक वेळी दिसत नाही. आणि टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. सहा वर्षांपूर्वी एका २९ वर्षांच्या मुलीला दोन ठिकाणांहून 'ग्रॅन्युलोमॅटस' असा रिपोर्ट घेऊन आणलं होतं, गोळ्या खाऊनही तीन तोंडं वाहत होती. तिच्या तुकड्याची सीबीनॅट चाचणी केली, टीबी निघाला. सहा महिन्यांचा कोर्स सरकारी केंद्रातून फुकट मिळाला. तिसऱ्या महिन्यात तोंडं बंद झाली. अशा रुग्णाला सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसेही मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये. तुमच्या कागदांत टीबीची चाचणी झाल्याचं मला कुठे दिसलं नाही. ती झाल्याशिवाय स्टिरॉइड पुन्हा सुरू करू नका, ही माझी आग्रहाची विनंती.

ती चाचणी का राहते, तेही सांगते. तुकडा काढला की तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, एकच बाटली, आणि ती कोल्हापूरला किंवा मुंबईला जाते. फॉर्मालिनमध्ये पेशी टिकतात, जंतू मरतात. मग त्यातून काही वाढवून बघणं शक्यच नसतं. म्हणून दोन बाटल्या लागतात. एकीत फॉर्मालिन, दुसरीत साधं सलाईन. सुई आत असतानाच आणखी एक-दोन धागे काढून सलाईनमध्ये टाकायचे, ते सीबीनॅट आणि कल्चरला. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः विचारा, "सलाईनमधला नमुना घेतला का?" कोणी रागावलं तर रागावू द्या.

सुईला तुम्ही घाबरल्या होत्या असं लिहिलंय, म्हणून तेही सांगते. कातडी भूल देऊन बधिर करतात. दोन-तीन मिलिमीटरचा छेद. जाड सुई आत जाते आणि खटका वाजतो, स्टेपलरसारखा. त्या आवाजालाच बायका दचकतात, म्हणून मी आधी हवेत एकदा वाजवून दाखवते. बाहेर येतो तो शेवईच्या तुकड्याएवढा धागा. मी तो बाटलीत पडताना बघते. नुसती चरबी असेल तर तरंगते, पांढरट घट्ट धागा तळाशी जातो. तळाशी चार-पाच धागे गेले की मला समाधान होतं, गाठीतलाच नमुना मिळाला म्हणून. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती कोकणात घराघरांत आहे. नमुन्याच्या सुईनं आजार वाढत नाही. गाठ काय आहे हे न कळता तिच्यावर सुरी चालवली, किंवा बिब्बा घातला, डाग दिला, तर मात्र पुढचे उपचार खरोखर अवघड होतात.

तुमच्या रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा? बराच. पण एक फट असते. काही वेळा कॅन्सरच्या गाठीच्या कडेला शरीर ग्रॅन्युलोमा बनवतं, आणि सुई नेमकी त्या कडेला लागली तर रिपोर्ट 'ग्रॅन्युलोमॅटस' येतो. म्हणून मी तीन गोष्टी जुळतात का ते बघते: हाताला काय लागतं, सोनोग्राफीत काय दिसतं आणि काचेखाली काय आलं. तिन्ही एकच सांगत असतील तर निश्चिंत. एक जरी वेगळं बोलत असेल, किंवा नीट उपचार करूनही सहा-आठ आठवड्यांत गाठ आहे तशीच असेल, तर पुन्हा नमुना घ्यायचा. पहिल्या डॉक्टरचा तो अपमान नसतो. माझ्या रुग्णांनी माझ्या नमुन्यानंतर दुसरीकडे नमुना करून घेतला, तर मला बरंच वाटतं.

तुमची दोन वर्षांची चाल, वय, पू, भरून पुन्हा फुटणं, हे सगळं ग्रॅन्युलोमॅटस किंवा टीबीकडे जातं. तरीही पुढचं काही दिसलं तर भातलावणी, गणपती, शिमगा, आंब्याचा हंगाम, कशासाठीही थांबायचं नाही: जुन्या जागेपासून लांब नवी, न दुखणारी, दगडासारखी गाठ, कातडी त्या पपनसासारखी होणं, लाली महिनाभरात झपाट्यानं अर्ध्या स्तनावर पसरणं, स्तनाग्र नव्यानं आत जाणं किंवा त्यातून रक्त येणं, काखेत घट्ट गाठ. आणि तुमच्या घरातल्या वयस्कर बायकांसाठी वेगळं सांगते. पाळी गेलेल्या, अंगावर पाजत नसलेल्या बाईचा स्तन लाल झाला तर अँटिबायोटिकचा एक कोर्स द्यायला हरकत नाही, पण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण ओसरलं नाही तर दुसरा कोर्स नको, नमुना हवा.

सिगारेट-विडीचं विचारलं नाहीत तरी सांगते. स्तनाग्रामागच्या नळ्यांभोवती वारंवार सूज येऊन तिथे फुटण्याचा जो आजार असतो, पेरिडक्टल मॅस्टायटिस, त्याचं विडी-सिगारेटशी घट्ट नातं आहे. तो तुमचा नाही. पण घरात कोणाला असेल तर ती सुटल्याशिवाय तो थांबत नाही.

पुढची तपासणी अशी ठेवूया. आजार चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, शांत झाल्यावर सहा महिन्यांनी एक-दोनदा. तुमच्या वयात स्तन घट्ट असतो, त्यामुळे मॅमोग्राफीत कमी कळतं. शंका असेल तरच ती, नाहीतर चाळिशीनंतर. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते नक्की लिहा, तो हिशेब या आजारापासून पूर्ण वेगळा करावा लागतो. जाऊबाईंनाही सोडू नका. तिशीनंतर दर पाच वर्षांनी आरोग्य केंद्रात स्तनांची हातानं तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती साधी वाटते, पण मुंबईत टाटा रुग्णालयानं दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं पाहिलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत प्रशिक्षित हातांच्या अशा तपासणीनं स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मला वाटतं जाऊबाईंना तुमच्या स्तनाची जेवढी काळजी आहे, त्यातली निम्मी त्यांनी स्वतःच्या तपासणीवर खर्च करावी.

तुम्ही शेवटी लिहिलंय की वासामुळे हळदीकुंकवाला जाणं सोडलं, शाळेच्या सभेत मागे बसता. ते वाचून मला वाईट वाटलं. जखम रोज साध्या साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवा, कोरडी करा. गॉझवर सॅनिटरी पॅडचा अर्धा तुकडा ठेवून सुती ब्रामध्ये बसवा, तो पू शोषतो आणि बाहेर डाग येत नाही. दिवसातून दोनदा बदला. हळद-चुना-तेल काही नको. वास एकदम वाढला, ताप आला, तर आत पू साठलाय असं समजून लगेच दाखवा. हा आजार लागणीचा नाही. टीबी निघाला तरी फुप्फुसात टीबी नसेल तर मुलाला जवळ घ्यायला, त्याच्याबरोबर झोपायला काहीच हरकत नाही.

देवगडहून कणकवली, ओरोस, कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी, जिथे सोयीचं असेल तिथे जा. पण जाण्याआधी एक काम करा. जिथे तुमचा तुकडा तपासला त्या लॅबमध्ये रिपोर्ट दाखवून 'पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड' मागा. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी, तिच्यात तुमचा तुकडा जपून ठेवलेला असतो. तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमधून नवे काप काढून टीबीचा आणि बुरशीचा रंग देऊन बघता येतं, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला तोच नमुना पुन्हा वाचता येतो. कदाचित पुन्हा सुई लावायचीही गरज पडणार नाही. ब्लॉक तुम्ही स्वतः हातात घेऊन या, आणि प्रवासात गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण मऊ होतं.